दर सेकंदाला दहा वेळा

बस चौथ्या थांब्यापाशी आली आणि थांबायच्या आधीच थांबली. म्हणजे नेमकं काय झालं ते सांगतो, कारण नेमकं काय झालं हे लोकांना समजावण्यातच माझे दोन महिने गेले आहेत. बस चालत होती. मग पाव सेकंद रस्ता, झाडं, समोरचा ट्रक, छत्री घेतलेली बाई, सगळं जागच्या जागी गोठलं आणि पुढच्या क्षणी बस दोन मीटर पुढे गेलेली होती. मधले दोन मीटर कुठे गेले ते मला कळलं नाही. मागच्या बाकावर एक म्हातारबाबा होते, ते पडले आणि त्यांनी तक्रार नोंदवली. म्हातारबाबा खरे नव्हते, बसही खरी नव्हती, पण तक्रार खरी होती आणि ती माझ्या नावावर लागली.

हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या, पुढे वेळ मिळणार नाही. मी पाणीपुरवठा केंद्रात नोंदी घेतो. टाकीची पातळी, पाण्याचा दाब, पंपाचं तापमान, दर तासाला एकदा, गेली एकतीस वर्षं. रविवारी सकाळी मात्र मी बसचालक असतो. संगणकावर बस चालवण्याचा एक खेळ आहे आणि तो खेळणाऱ्या हौशी लोकांचं आमचं एक मंडळ आहे. ज्याने त्याने आपापल्या घरी संगणकाला स्टिअरिंग आणि ब्रेकचं पेडल जोडून, कानाला हेडफोन लावून बसायचं आणि पडद्यावरच्या एकाच शहरात ठरलेल्या वेळापत्रकाप्रमाणे बस काढायची. माझ्याकडे सात नंबरचा मार्ग आहे. बावीस मिनिटं, अठरा थांबे, मध्ये एक अवघड चढ. केंद्रात माझ्या नोंदवहीवर सही करणारा माणूस एकतीस वर्षांत आठ वेळा बदलला, पण त्यातल्या एकानेही वही उघडून आकडे वाचले नाहीत. इथे मात्र मी दोन मिनिटं उशिरा पोचलो तर अठरा थांब्यांवरची माणसं घड्याळ बघतात. मला तो मार्ग फार आवडतो, हे सरळच सांगून टाकतो.

मंडळाच्या डेपोच्या प्रमुख एक दातांच्या डॉक्टर आहेत. आम्ही त्यांना डेपोबाई म्हणतो. त्यांचा नियम असा की एका फेरीत तीन धक्के माफ, चौथा बसला की फेरी बाद. तीन फेऱ्या बाद झाल्या की मार्ग काढून घ्यायचा आणि प्रतीक्षा यादीतल्या पहिल्या माणसाला द्यायचा. प्रतीक्षा यादीत पहिले होते आमच्याच इमारतीत खालच्या मजल्यावर राहणारे, बँकेतून निवृत्त झालेले मॅनेजरसाहेब. त्यांना मंडळात मीच आणलं होतं. अर्ज भरायलाही मीच मदत केली होती.

तर दोन महिन्यांपूर्वी मी संगणक बदलला. नव्याच्या डब्याला एका बाजूने काच आहे आणि आत तीन पंखे. पंखे दिसतात म्हटल्यावर माणूस बघत बसतो, आणि बघत बसलं की काळजी वाटते. आत किती गरम होत असेल? म्हणून मी एक प्रोग्राम बसवला. तो संगणकाच्या आतलं तापमान, पंख्यांचे फेरे वगैरे वाचतो आणि पडद्याच्या कोपऱ्यात हिरव्या आकड्यांत दाखवतो. इतका सभ्य प्रोग्राम मी पाहिला नव्हता. त्यात एक चौकट होती, किती वेळाने वाचन घ्यायचं त्याची. चौकटीत हजार असा आकडा होता. हजार म्हणजे सेकंदाचे हजार भाग, थोडक्यात सेकंदाला एकदा. मी विचार केला, म्हणजे दोन वाचनांच्या मध्ये अख्खा एक सेकंद यंत्राकडे कोणाचं लक्षच नाही. मी हजाराचे शंभर केले. आता दर सेकंदाला दहा वेळा वाचन होऊ लागलं. ज्याने जन्मभर तासाला एकदा वाचन घेतलं त्याला काय वाटलं असेल ते नोंदी घेणाऱ्यांनाच कळेल.

त्याच रविवारी म्हातारबाबा पडले.

आता तुम्ही म्हणाल, अहो, मग सरळ आहे की. तुम्हाला सरळ आहे. मी तापमान पाहिलं, ते व्यवस्थित होतं. पंखे पाहिले, तेही व्यवस्थित. म्हणजे दोष आणखी कुठेतरी आहे, हे मी चहा संपायच्या आत ठरवून टाकलं. बघितल्यामुळे काही बिघडतं ही कल्पनाच माझ्या डोक्यात शिरणं शक्य नव्हतं. टाकीची पातळी पाहिली म्हणून टाकीतलं पाणी हललं, असं मी एकतीस वर्षांत एकदाही पाहिलेलं नाही.

त्या फेरीत अकरा धक्के बसले. फेरी बाद झाली. मॅनेजरसाहेब सहानुभूती दाखवायला वर आले. त्यांनी चष्मा बदलला आणि बँकेत कर्जाच्या अर्जाकडे बघत असतील तसं काचेतून आत पाहिलं.

"नुसतं तापमान बघून काय होणार?" ते म्हणाले. "मेमरी किती भरली, डिस्क किती पळते, कुठला प्रोग्राम किती खातो, हे सगळं दिसायला हवं. माझ्याकडे आहे तसा प्रोग्राम. फार चांगला आहे."

"तुमची सरावाची बस अडखळत नाही?"

"छे. तुपासारखी जाते."

मग काय, त्यांचा प्रोग्राम बसवला. आता कोपऱ्यात हिरव्याखाली पिवळे आकडे आले. पुढच्या रविवारी सोळा धक्के बसले. त्यातले तीन तर बस उभी असताना बसले. उभ्या बसमधून पडल्याची तक्रार मंडळाच्या इतिहासात पहिलीच आहे असं डेपोबाईंनी मला कळवलं. त्या कळवतात फार मऊ आवाजात, त्यामुळे दात काढून झाल्यावरच माणसाला समजत असावं.

दोन फेऱ्या बाद. आता एकच उरली होती. 

वरच्या मजल्यावरच्या काकूंचं मत पडलं की दोष विजेचा आहे. त्यांच्याकडे कुठल्याही गोष्टीत दोष विजेचाच असतो आणि दहातल्या चार वेळा तो असतोही. मी अर्धी रजा टाकून वीज कार्यालयात गेलो. खिडकीतून एक छापील अर्ज मिळाला. त्यात रकाना होता, विजेच्या चढउतारामुळे नुकसान झालेल्या उपकरणाचं नाव. मी प्रामाणिक माणूस आहे. संगणकाचं काहीच नुकसान झालेलं नव्हतं, झालं होतं ते बसचं. मी लिहिलं, बस. नुकसानीचं स्वरूप या रकान्यात लिहिलं, प्रवासी पडतात. खिडकीतल्या माणसाने अर्ज दोनदा वाचला.

"बस विजेवर चालते?"

"एका अर्थी, हो."

"मग ती चार्जिंगवाल्यांची खिडकी. पलीकडच्या इमारतीत."

पलीकडच्या इमारतीत मला बसचा नोंदणी क्रमांक विचारला. मी सात सांगितला. तिथल्या बाईंनी मला पाणी दिलं आणि घरी कोणाला फोन करायचा आहे का असं विचारलं. मी घरी आलो. वीज ठीक होती.

चौकशीसाठी पाच रविवार माझी फेरी थांबवून मग डेपोबाईंची नोटीस आली. तिसरी फेरी ही चाचणी फेरी असेल, डेपोप्रमुख स्वतः प्रवासी म्हणून बसतील, तत्पूर्वी लेखी खुलासा द्यावा. खुलाशाच्या नमुन्यात शेवटची ओळ होती: यंत्राच्या प्रकृतीची नोंद शक्य तितक्या बारकाईने जोडावी. ही ओळ वाचून मला बरं वाटलं. आयुष्यात पहिल्यांदा कोणीतरी माझ्याकडे बारकाईने नोंद मागत होतं.

माझा प्रोग्राम सगळी वाचनं फाईलमध्ये साठवूही शकतो. ती सोय मी चालू केली आणि रविवारी सकाळी एकट्यानेच सरावाची एक फेरी मारली. बावीस मिनिटांची फेरी, सेकंदाला दहा वाचनं, म्हणजे तेरा हजार दोनशे ओळी. सोमवारी त्या केंद्रातल्या प्रिंटरवर छापायला घातल्या. हे चूक होतं, मला माहीत आहे, कागद मी नंतर भरून दिले. पण त्या दिवशी खरी चूक वेगळीच झाली. चाळीस पानं बाहेर आली आणि माझी अकराची नोंद घ्यायची वेळ झाली. मी उठून टाकीकडे गेलो. तेवढ्यात आमचे नवे अभियंतासाहेब त्यांचा स्वतःचा एक कागद घ्यायला प्रिंटरपाशी आले.

रकान्यांची नावं फक्त पहिल्या पानावर होती. साहेबांच्या हाताला लागलं सदतिसावं पान. त्यावर होते नुसते आकडे: वेळ, तापमान अठ्ठ्याहत्तर, फेरे चौदाशे पन्नास. आता योगायोग बघा. माझ्या संगणकातला मोठा पंखा मिनिटाला साधारण चौदाशे पन्नास फेरे घेतो, आणि आमच्या केंद्रातल्या दोन नंबरच्या पंपाची मोटरही बरोबर तेवढेच घेते. आणि त्या पंपाला पंच्याहत्तर अंशांच्या वर जायची परवानगी नाही. साहेबांनी अठ्ठ्याहत्तर पाहिलं, पुढच्या पानावर एकोणऐंशी पाहिलं, आणि पंप बंद करायचा हुकूम दिला.

मी टाकीवरून पातळी चार मीटर दहा अशी नोंदवून खाली आलो तर पंपघरात शांतता होती. ही शांतता फार वाईट असते. चार फिटर मोटर उघडून तिच्याभोवती उकिडवे बसले होते आणि प्रत्येकजण तिला हात लावून बघत होता. मोटर गार होती. साहेबांचं म्हणणं, ती आता गार आहे, कारण आपण वेळेत बंद केली.

दोन नंबरचा पंप ज्या भागाला पाणी देतो त्यात आमची इमारत येते. वीस मिनिटांत मॅनेजरसाहेबांचा फोन आला.

"अहो, तुमच्या खात्याला जरा विचारा. माझ्या अंगभर साबण आहे."

"विचारतो," मी म्हणालो आणि फोन ठेवला. विचारणार कोणाला, मलाच तर काही समजत नव्हतं. ते पान कुठलं आहे हे मी साहेबांच्या टेबलावर ओळखलं तेव्हा पंप बंद होऊन दीड तास झाला होता. मी कबूल केलं. साहेबांनी त्याच दिवशी मला पत्र दिलं: सदर नोंदी कोणत्या पंपाच्या आहेत याचा चोवीस तासांत खुलासा करावा. मी लिहिलं, सदर नोंदी पंपाच्या नसून सात नंबरच्या बसच्या आहेत. साहेबांनी मला आत बोलावलं आणि दार लावून घेतलं.

"आपल्या खात्यात बस कधी आली?"

मी सगळं सांगितलं. म्हातारबाबांपासून. साहेबांनी ते सदतिसावं पान पुन्हा हातात घेतलं. मग म्हणाले, "नोंदी मात्र सुरेख आहेत. पंपाच्या अशा घेता आल्या असत्या तर." आठ साहेबांनंतर माझी वही वाचणारा पहिला साहेब मिळाला, आणि त्याने वाचलं ते भलतंच. मला रडावं की हसावं ते कळेना.

यातून शहाणा होऊन गप्प बसावं की नाही? पण चाचणी फेरीला सहा दिवस उरले होते. मी दुरुस्तीवाल्याला घरी बोलावलं. त्याने डबा उघडला, फुंकर मारली, बंद केला आणि म्हणाला, "साहेब, यातून असं काही कळत नाही. आत नक्की काय चाललंय ते बघावं लागेल." आणि त्याने तिसरा प्रोग्राम बसवला. हा सगळ्यांत कसून तपासणारा होता. तो दर दोन सेकंदांनी प्रत्येक भागाला हाका मारायचा आणि सगळ्यांनी ओ दिल्याशिवाय पुढे जायचा नाही. कोपऱ्यात लाल आकडे आले. हिरवे, पिवळे, लाल. रस्ता दिसायला थोडीच जागा उरली, पण आता माझ्या नजरेतून काहीही सुटत नव्हतं, फक्त बस सोडून.

आमची ही रुग्णालयात नर्स आहे. वॉर्डची मुख्य. तिने या सगळ्या प्रकरणात तोवर एकदाच तोंड घातलं होतं, "आजही पडले का तुमचे म्हातारबाबा?" एवढं विचारण्यापुरतं. शनिवारी तिला सुट्टी होती. मी दुपारी सराव करत होतो आणि ती मागे उभी राहून गणवेशाची घडी घालत होती. बस अडखळत, थरथरत, उचक्या देत चढ चढत होती. घडी घालता घालता तिचे हात थांबले.

"पुन्हा चालवा."

"कशाला? बघवत नाही मला."

"चालवा हो. बोलू नका मध्ये."

मी चालवली. ती मनगटावरच्या घड्याळाकडे बघत होती. एक मिनिट पूर्ण झालं तसं तिने मान वर केली.

"तीस."

"काय तीस?"

"तुमच्या बसचे धक्के. मिनिटाला तीस. नेमके. बारीक थरथर आहे ती वेगळी, ती मोजता येत नाही. पण मोठे धक्के तीसच." ती जवळ आली. "अहो, आजारी माणसाची नाडी इतकी नेमकी चालत नाही. हे दुखणं नाही. हे बाहेरून कोणीतरी करतंय."

मला काही कळेना. मी तिला म्हटलं, बाहेरून कोण करणार, दार बंद आहे.

"याला तपासतं कोण कोण?"

मी अभिमानाने कोपरा दाखवला. हिरवे माझे, पिवळे मॅनेजरसाहेबांचे, लाल दुरुस्तीवाल्याचे.

"आणि दर किती वेळाने?"

"माझं सेकंदाला दहा वेळा. मॅनेजरसाहेबांचं सेकंदाला एकदा. लाल, दर दोन सेकंदांनी."

"म्हणजे मिनिटाला तीस," ती म्हणाली.

 माझ्या डोक्यात काहीतरी हललं, पण ते कुठल्या बाजूला हललं ते कळलं नाही. तिने खुर्ची ओढली.

"आमच्या वॉर्डात एक आजोबा होते. त्यांना झोप लागत नव्हती. त्यांचे तिन्ही मुलगे काळजीत. आळीपाळीने बसायचे आणि दर दहा मिनिटांनी त्यांना हलवून विचारायचे, बाबा, लागली का झोप?"

"मग?"

"मग काय, मी मुलांना घरी पाठवलं."

मला हे पटलं नाही. यंत्र म्हणजे काही आजोबा नव्हेत. तिने वाद घातला नाही. तिने लाल प्रोग्राममधली ती चौकट शोधायला सांगितली आणि दोन सेकंदांचे दहा करा म्हणाली. मी केले, तिचं समाधान व्हावं म्हणून. बस काढली. ती घड्याळ घेऊन उभी. बस चालली, चालली, मग धक्का. पुन्हा चालली, मग धक्का. मिनिट झालं.

"किती?" मी विचारलं, जरी मी स्वतःच मोजले होते.

"सहा."

सहाच. मी दहाचे वीस केले, तीन झाले. मी हिरव्यातल्या शंभराचे पुन्हा हजार केले तर थरथर अर्ध्याहून कमी झाली. पाच हजार केले तर रस्त्यावरचे पांढरे पट्टे पहिल्यांदा सलग दिसले. ते सलग पट्टे बघून मला आनंद व्हायला हवा होता. झाला तो धक्काच, बसशिवायचा. दोन महिने मी ज्या चोराला शोधत फिरत होतो तो माझ्याच रूपात पहारेकऱ्याची शिट्टी घेऊन उभा होता. पण तरीही मला ते समजत नव्हतं, म्हणजे दिसत होतं पण पटत नव्हतं. बघितल्याने बिघडतं? मग माणसाने काय करायचं, डोळे मिटून बसायचं?

"तीनही बंद करा," ती म्हणाली.

"एक तरी राहू दे. दर दहा मिनिटांनी एकदा. बावीस मिनिटांत दोनच धक्के होतील. तीन माफ असतात."

"का पण? कशासाठी?"

"समजा तापला तर?"

"तापला तर स्वतःच बंद पडेल, असं तो दुरुस्तीवालाच सांगून गेला ना?"

हे खरं होतं. मी उठून खाली मॅनेजरसाहेबांकडे गेलो. त्यांना म्हटलं, तुमच्या प्रोग्राममुळे माझी बस अडखळते, तुमची कशी नाही अडखळत?

"मी तो चालू ठेवत नाही," ते म्हणाले. "बसवला आणि बंद केला. उगाच आकडे दिसले की मला धडधडतं."

"मग मला कशाला दिलात?"

"तुम्हाला आकड्यांची सवय आहे म्हणून." मग त्यांनी आवाज खाली आणला. "हे बघा, मार्ग मला मिळणार असला तरी तो असा नको. तुम्ही पडावं आणि मी उचलावा, तसं नको मला. नीट चालवा उद्या." त्या माणसाबद्दल मी दोन महिने मनात काय काय आणलं होतं ते इथे लिहीत नाही.

रविवारी नऊला चाचणी फेरी. मी तिन्ही प्रोग्राम बंद केले. बंद करताना तिसऱ्याला माझा हात थांबला, तो तिने तिच्या हाताने पुढे ढकलला. पडद्याचा कोपरा रिकामा झाला. तिथे आता एक झाड दिसत होतं, जे आजवर मी पाहिलंच नव्हतं.

"सुरू करा," कानात डेपोबाईंचा मऊ आवाज आला. त्या तिसऱ्या बाकावर बसल्या होत्या, म्हणजे त्यांची आकृती बसली होती. मागे इतर सभासद कान लावून होते, मॅनेजरसाहेबही.

बस निघाली आणि मला वाटलं ही माझी बस नाहीच. पाण्यावरून जावी तशी जात होती. पहिला थांबा, दुसरा, तिसरा. चौथ्यापाशी म्हातारबाबा चढले, बसले, उतरलेसुद्धा. पण सहाव्या थांब्यानंतर माझी नजर सारखी रिकाम्या कोपऱ्याकडे जाऊ लागली. आत किती असेल? अठ्ठ्याहत्तर? नव्वद? एकतीस वर्षांत एकही तास असा गेला नव्हता की मला आकडा ठाऊक नाही. हाताला घाम सुटला. स्टिअरिंग निसटायला लागलं.

"अगं," मी हळूच म्हटलं, "जरा बघतेस का गं?"

ती कामावर निघायच्या तयारीत होती, खांद्याला पर्स होती. ती आली आणि तिने डब्यावर तळवा ठेवला, वॉर्डात ठेवत असेल तसा, घाई न करता.

"ताप नाही. रस्त्याकडे बघा."

मी रस्त्याकडे बघितलं. तिने हात काढला नाही. सातवा, आठवा, चढ, चढावरचं ते वाईट वळण. ती तशीच उभी होती. तिला कामाला उशीर होत होता. बाराव्या थांब्यापर्यंत एकही धक्का नाही. मला आत कुठेतरी गाणं म्हणावंसं वाटत होतं.

तेराव्या थांब्याच्या अलीकडे एक माणूस रस्ता ओलांडू लागला. मी ब्रेक दाबला. जरा जास्तच दाबला. उभे असलेले दोघे पुढे गेले आणि पडद्यावर अक्षरं आली: धक्का, एक.  परत सुरू झालं का? मी तिच्याकडे पाहिलं, तिने नुसती मान हलवली. मग चौदा, पंधरा, सोळा. पुढे काही नाही. अठराव्या थांब्यावर मी बस लावली, दारं उघडली आणि वेळ पाहिली. बावीस मिनिटं, नऊ सेकंद.



"तेराव्याच्या अलीकडे काय झालं?" डेपोबाईंनी विचारलं.

दोन महिने या प्रश्नाला माझ्याकडे उत्तरं तयार होती. तापमान, वीज, मेमरी, डिस्क. तेरा हजार दोनशे ओळींचा पुरावा होता. या वेळी माझ्याकडे एकही आकडा नव्हता.

"माझा पाय जोरात पडला," मी म्हणालो. "चूक माझी."

"लिहिते. कारण, चालक." पेन चालल्याचा आवाज आला. "दोन महिन्यांत आज पहिल्यांदा तुम्ही बस चालवताना दिसलात. सात नंबर तुमच्याकडेच राहील. ब्रेक मात्र शिका."

मागून मॅनेजरसाहेब टाळ्या वाजवत होते, त्यांच्या घरातल्या आणि कानातल्या दोन्ही टाळ्या मला ऐकू येत होत्या.  स्वतःच्या चुकीचा मला इतका आनंद आयुष्यात झाला नव्हता. माझी होती ती, पूर्ण माझी, यंत्राचा त्यात काही संबंध नव्हता.

मी कानावरचं काढून ठेवलं. ती अजून डब्यावर हात ठेवून उभी होती.

"काढू का आता? उशीर झालाय मला."

"काढ." मग राहवलं नाही. "किती असेल गं साधारण?"

तिने डब्यावरचा हात उचलून माझ्या कपाळावर ठेवला आणि क्षणभर तसाच राहू दिला.

"तुमच्यापेक्षा कमी," ती म्हणाली, आणि चपला घालून जिना उतरली.